वहीतली शून्यं

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी टार्डिग्रेड घेतला, म्हणजे ओल्या शेवाळात राहणारा, सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसणारा एक इवलासा प्राणी. त्यामागे फार मोठा विचार नव्हता. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता, आठ पायांचं गुबगुबीत अस्वल पाण्यात डुलत चाललंय. मॅडमना म्हटलं, मला हेच करायचंय. त्या म्हणाल्या, "कर की. आधी सापडू दे."

विभागाच्या मागच्या भिंतीवर, पन्हळीच्या खाली, वाळून कडक झालेलं शेवाळ होतं. म्हणजे मॉस. (डबक्यातलं बुळबुळीतही शेवाळ आणि भिंतीवरची ही मखमलही शेवाळ, त्यामुळे प्रोजेक्ट काय आहे हे घरी समजावताना माझी फार ओढाताण झाली.) पहिला नमुना ओलसर होता आणि मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. त्याला बुरशी आली. मग कागदी पाकिटं आली आणि त्यांवर तारीख, भिंतीची दिशा, जमिनीपासूनची उंची.

पुढचं काम ऐकायला सोपं. शेवाळाचा गड्डा पेट्री डिशमध्ये उलटा ठेवायचा, पाणी घालायचं, रात्रभर भिजू द्यायचा. सकाळी पिळायचा आणि ते पाणी थेंबाथेंबाने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मी सात दिवस बघितलं. वळवळणारे सूत्रकृमी दिसले. डोक्यावर दोन चाकं गरगरतायत असं वाटायला लावणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी तर ढिगाने. एकदा काळ्या जाड कडेचं काहीतरी गोल दिसलं म्हणून मी अख्खी लॅब गोळा केली. लॅबमधल्या मामांनी डोळा लावला आणि म्हणाले, "बुडबुडा आहे हवेचा. दर वर्षी कुणीतरी जर्नलमध्ये त्याचं चित्र काढतंच."

आठव्या दिवशी मॅडमनी वही मागितली. वहीत दोनच नोंदी.
"बाकीचे दिवस काय केलंस?"
"बघत होते. पण काही सापडलं नाही, म्हणून लिहिलं नाही."
"मग तू बघितलंस हे मी कशावरून धरू?"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. काहीच नाही हे काय लिहायचं? तरी त्या दिवसापासून रोज रकाने भरायला लागले. पाकीट क्रमांक, किती वेळ भिजवलं, पाणी कुठून घेतलं, किती थेंब पाहिले, रोटिफर किती, टार्डिग्रेड किती. शेवटच्या रकान्यात एकाखाली एक शून्य. दिसायला फारच केविलवाणं.

चार दिवसांनी मॅडमनी त्या शून्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं बोट 'पाणी कुठून घेतलं' या रकान्यावर थांबलं. मी प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, वरचं स्वच्छ पाणी. तळाची माती थेंबात आली की गढूळ दिसतं म्हणून मी ती ओतून देत होते. आणि टार्डिग्रेडला पोहता येत नाही. तो चालतो. तळाच्या मातीत, काडीकचऱ्याला नख्या रोवून बसतो. पोहणारे रोटिफर वर येत होते आणि मला हवा होता तो रोज बेसिनमध्ये जात होता.

दुसरी चूक उजेडाची. प्राणी जवळजवळ पारदर्शक आणि मी सूक्ष्मदर्शकात खालून उजेड सोडणाऱ्या कंडेन्सरचा पडदा सताड उघडा ठेवलेला. मॅडमनी तो मिटत आणला, तसा कचऱ्याच्या प्रत्येक कणाला कड आली. तळाच्या गाळाचा तिसरा थेंब, चाळीसपट मोठा करून पाहताना एक कण चालायला लागला. लांबी अर्धा मिलिमीटरही नसेल. पायांच्या तीन जोड्या खाली, चौथी मागच्या टोकाला, तिने तो एका पानाला धरून होता आणि बाकीचं अंग हवेत चाचपडावं तसं पुढे ताणत होता. पोटात हिरवट ठिपका, चोखलेल्या रसाचा. १७७३मध्ये गोत्से नावाच्या जर्मन माणसाने याला पाण्यातलं छोटं अस्वल म्हटलं, ते का, हे कुणी सांगायची गरज उरली नाही.

मग सुट्टी आली आणि मी झाकलेल्या डिश तशाच पाण्यात ठेवून घरी गेले. परत आल्यावर पाण्याला वास आणि सगळे टार्डिग्रेड फुगून, पाय ताठ पसरून पडलेले. मेले. चार डिश मी ओतून दिल्या. पाचवी धुवायचा कंटाळा आला म्हणून तिच्यात ताजं पाणी घालून ठेवली. संध्याकाळी त्यातल्या एकाने पाय हलवला. पाण्यातला ऑक्सिजन संपला की ते असे ताठ होतात आणि वेळेत मिळाला तर सावरतात, हे मी त्यानंतर वाचलं. त्या चार डिशचं अजून वाईट वाटतं.

टार्डिग्रेड पार वाळला तरी पाणी मिळाल्यावर पुन्हा हलायला लागतो म्हणतात, ते मला स्वतः बघायचं होतं. हा वाळवण्याचा प्रयोगही आधी फसला. दहा जण काचेच्या स्लाइडवर ठेवले, थेंब भराभर सुकला, दुसऱ्या दिवशी पाणी घातलं. एकही उठला नाही. अमर प्राणी म्हणे! त्यांना पाय आत ओढून पिंपासारखं आकसायला सवड लागते. पुढचे दहा ओलसर फिल्टर पेपरवर ठेवले आणि झाकण किंचित फटीएवढं उघडून दोन दिवस सावकाश वाळू दिले. पाणी घातल्यावर त्यातले सहा हलले. पहिला पाय दिसायला अर्धा तास लागला आणि तेवढा वेळ मी मान वर केली नाही. १७०२मध्ये लेव्हेनहुक या सूक्ष्मदर्शकातून जीव बघणाऱ्या डच माणसाने पन्हळीतल्या वाळक्या धुळीत पाणी घालून रोटिफर जिवंत होताना पाहिले होते. माझं शेवाळही पन्हळीखालचंच, हा योगायोग मी रिपोर्टमध्ये घातला. मॅडमनी खोडला.

शून्यांचा तक्ता मात्र त्यांनी पूर्ण ठेवायला लावला, आधीच्या न लिहिलेल्या दिवसांपुढे 'नोंद नाही' असं लिहून. व्हायवात परीक्षकांनी तेच पान उघडलं आणि विचारलं, "बाराव्या दिवसानंतर एकदम आकडे कसे सुरू झाले?" मी म्हटलं, "तोपर्यंत मी ते बेसिनमध्ये ओतत होते." ते हसले आणि पुढच्या पानावर गेले.

फिल्टर पेपरवर वाळवलेले आणखी वीस जण पाकिटात घालून विभागाच्या कपाटात ठेवलेत. १९८३मध्ये अंटार्क्टिकातून आणून गोठवून ठेवलेल्या शेवाळातले दोन टार्डिग्रेड २०१४मध्ये हलले होते. आमच्या कपाटात तेवढी थंडी नाही, म्हणून पाकिटावर लिहिलंय : पुढच्या वर्षी भिजवा. तळाचा गाळ ओतू नका.