आधी अर्धीच भाकरी वाढा

आज सोलापुरात पाचवी-सहावीच्या मुलांना विचारलं, घरात अन्न वाया का जातं? पहिलंच उत्तर: "आम्हाला न विचारता वाढतात." किती खरं! आधी अर्धीच भाकरी वाढा, लागली तर मागू, असं त्यांचं म्हणणं.

एक मुलगी म्हणाली, उरलेली भाकरी वाळवून कडक करायची. कल्पना अस्सल इथली, पण कडक भाकरी मुळातच पापडासारखी पातळ थापतात. रोजची जाड भाकरी वरून वाळते, आत ओल राहते आणि बुरशी धरते. तिचा कुस्करा बरा: 2 भाकऱ्यांना 3-4 चमचे पाण्याचा हबका, 10 मिनिटं झाकण, मग कांदा-लसणाची फोडणी आणि वरून शेंगा चटणी.

भाताचं मात्र मुलांना ठाऊक नव्हतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उरलेला भात परातीत पसरून निववावा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. बाहेर राहिला, तर जिवाणू त्यात जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. मग तो टाकावाच लागतो. म्हणून तांदूळ वाटीनं मोजूनच घ्या.

एका मुलानं तर कामच मागून घेतलं: रात्री जेवायला कोण कोण आहे, हे तांदूळ धुण्याआधी आईला सांगायचं.