दुसऱ्या महिन्यात येणारी माणसे

आमच्या मुलाने आत्महत्या केली तेव्हा तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो कसा गेला हे मी येथे लिहिणार नाही, आणि का गेला हे मला आजही ठाऊक नाही. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, हवालदारांनी पुष्कळ सौजन्याने जबाब लिहून घेतला आणि ‘माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही’ या त्यांनीच सुचवलेल्या वाक्याखाली मी सही केली.

पुढे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोचा अहवाल मी वेड लागल्यासारखा वाचला. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. त्या तक्त्यांत प्रत्येक मृत्यू कुठल्या तरी एका कारणाखाली मोजला जातो : कौटुंबिक समस्या, आजारपण, परीक्षेतील अपयश. आमच्या मुलाला कोणत्या रकान्यात बसवले असेल, या विचाराने माझी झोप उडाली होती. अखेर एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी समजावले की असा मृत्यू बहुधा एका कारणाने होत नाही. आजार, ताण, स्वभाव आणि एखादा अवघड क्षण एकत्र येतात, आणि घरच्यांनी घरातच खटला चालवून निकाल लागत नाही.

तेराव्यापर्यंत घर भरलेले होते. कोणी पत्रिका दाखवली होती का विचारले, कोणी नारायण-नागबळी सुचवली. माझ्या आईचा आग्रह होता म्हणून आम्ही त्र्यंबकेश्वरला जाऊन तीन दिवसांचा तो विधी केला. माझा त्यावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्यानंतर आईला झोप लागू लागली, त्यामुळे त्याबद्दल मी कोणाशी वाद घालत नाही. त्यानंतर मात्र लोकांचे येणे थांबले. ओळखीची माणसे बाजारात आम्हाला पाहून पलीकडच्या बाजूने जाऊ लागली. त्यांना काय बोलावे ते सुचत नसावे.

दुसऱ्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातले एक जोडपे, कोणाकडून तरी कळल्यावर, विचारून घरी आले. त्यांची मुलगी अशीच गेली होती. त्या बाईंनी माझ्या पत्नीला विचारले, “त्याला काय काय आवडायचं हो?” तोवर सगळ्यांनी त्याच्या मृत्यूबद्दलच विचारले होते. पत्नीने उठून त्याचा खण उघडून दाखवला. त्यात आळीतल्या लोकांच्या मिक्सरचे तुटलेले कपलर, स्क्रू आणि कोणाकडून किती पैसे येणे आहे त्याची चिठ्ठी होती. ती वाचताना ती हसली, आणि हसल्याबद्दल तिला कोणी टोकले नाही.

आता आम्ही दोघे तेच करतो. घरच्यांची तयारी असेल तरच जातो, आणि शक्यतो महिना उलटल्यावर जातो. पुण्यातील कनेक्टिंग ट्रस्टसारख्या संस्था मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी हे काम रीतसर करतात. आमचे काम त्यापुढे अगदी घरगुती आहे. आम्ही सल्ला देत नाही. ‘त्याने तुमचा विचार करायला हवा होता’ असे कोणी म्हणू लागले, तर तेवढे मात्र थांबवतो. कधी एखादे घर, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या मुलाबद्दल डॉक्टरांपासूनही खरे लपवत असते, पोलिसांच्या धाकाने. अशा वेळी मी सांगतो की मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम ११५नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे दंड संहितेतले जुने कलम ३०९ नव्या न्याय संहितेत घेतलेलेच नाही. तेव्हा डॉक्टरांना खरे सांगावे.

सर्वांत उपेक्षित असतात ती भावंडे. आमची धाकटी तेव्हा नववीत होती आणि भेटायला येणारा प्रत्येक जण तिला बजावत होता, “आता आईबाबांना तूच सांभाळायचं.” चौदा वर्षांच्या मुलीवर एवढे ओझे टाकणाऱ्यांचा मला अजून राग येतो. ती आता कधी कधी आमच्याबरोबर येते, त्या घरातल्या मुलांना घेऊन गच्चीवर जाते आणि काय बोलली ते आम्हाला सांगत नाही. आम्हीही विचारत नाही.

पत्नी शिक्षिका आहे. तिने स्वतःसाठी वेगळे काम निवडले. दहावी-बारावीचा निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागतो, आणि त्या संध्याकाळी ती सहकाऱ्यांसह नापास झालेल्या मुलांच्या घरी जाते. बरोबर पेढे नसतात, पुरवणी परीक्षेच्या अर्जाची माहिती असते. दहावीची ही परीक्षा २०१५पासून लगेच जुलैत सुरू झाली, तरी वर्ष वाया गेले असे समजणारे पालक तिला अजून भेटतात.

निघताना आम्ही एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर आमचा क्रमांक असतो आणि टेलिमानसचा १४४१६. मानसिक आधारासाठी फोनवरची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. काही घरांतून पुन्हा फोन येत नाही. पण आम्ही ज्यांच्याकडे गेलो होतो अशा एका घरचे वडील हल्ली आमच्याबरोबर येतात. गाडी तेच चालवतात, आणि वाटभर राजकारणावर इतके अखंड बोलतात की पत्नीने त्यांना परवा स्पष्ट सांगितले, “भाऊसाहेब, परतीच्या वाटेवर तरी मला बोलू द्या.”