तुम्ही विचारलंत म्हणून: हा कोच राहतो की जातो?

नोव्हेंबर लागला, नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सीझन संपत आला की फोन सुरू होतात. "तू लिंकनमध्येच राहतोस, स्टेडियममध्ये जातोस. सांग ना, हा कोच राहतो की जातो?" मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य ठरलेलं: "पण इतक्या मॅचेस तर जिंकलाय!" विचारणाऱ्यांना नेब्रास्काचा इतिहास माझ्याइतकाच पाठ आहे, त्यामुळे जुने कोच टॉम ऑसबर्न आणि त्यांचं नव्वदचं दशक पुन्हा उगाळत नाही. किती जिंकले, किती हरले एवढ्यावरून कोचचं भविष्य सांगता येत नाही, एवढंच माझं म्हणणं. ते तुम्हाला पटत नाही आणि दरवर्षी मीच आगाऊ ठरतो.

तुमचाच लाडका दाखला घेऊ. आपला माजी कोच बो पेलिनी. २००८ ते २०१४, सात सीझन, ६६ विजय, २७ पराभव. एकाही वर्षी विजय नऊच्या खाली नाहीत. मग त्याला का काढलं? पहिल्या सहाही सीझनमध्ये पराभव बरोबर चार-चार, पण कसले! २०१२ला बिग टेनच्या, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या लीगच्या, फायनलमध्ये विस्कॉन्सिनकडून ७०-३१. २०१४मध्ये पुन्हा विस्कॉन्सिन, ५९-२४. त्यांचा मेल्विन गॉर्डन चारपैकी तीन क्वार्टरमध्येच चेंडू घेऊन ४०८ यार्ड धावला. तक्त्यात मात्र हा नुसता आणखी एक पराभव.

त्यानंतरच्या आठवड्यात मिनेसोटाविरुद्धच्या मॅचला मी शेजारच्या आजोबांबरोबर गेलो होतो. त्यांची दोन सीटं वडिलांच्या काळापासूनची. आजी गेल्यापासून दुसरी सीट अधूनमधून माझ्या वाट्याला येते. १९६२पासून इथली प्रत्येक मॅच 'हाउसफुल' आहे म्हणतात, पण तो हिशोब विकलेल्या तिकिटांचा, बसलेल्यांचा नव्हे. त्या दिवशी आमच्या पुढच्या रांगेत मोकळ्या बाकांवर लोकांनी जॅकेटं पसरून ठेवली होती. मध्यंतराला आपण २१-७ने पुढे होतो. शेवटी २८-२४ने मागे असताना, गोलरेषेजवळ आलेला आपल्या खेळाडूच्या हातातला चेंडू त्यांनी हिसकावून घेतला. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, शिव्या पडणार. काही नाही. लोक थर्मासची झाकणं लावायला लागले. आजोबांनी गादी गुंडाळून काखेत मारली आणि जिन्याकडे चालू लागले. वाटेत एकच बोलले, "यानेच आम्हाला शिव्या घातल्या होत्या ना?" २०११च्या ओहायो स्टेट मॅचनंतर प्रेक्षकांना उद्देशून पेलिनी जे बोलला, त्याचं रेकॉर्डिंग २०१३मध्ये बाहेर आलं होतं. त्याने माफी मागितली, विषय संपला, असं मी धरून चाललो होतो. पुढच्या वर्षी स्प्रिंग गेमला, म्हणजे वसंतातल्या सरावाच्या मॅचला, तो मांजर उचलून मैदानात आला तेव्हा सगळे हसलेही होते. आजोबाही हसले होते.

पुढच्या शुक्रवारी आयोवात २४-७ने मागे पडून आपण ओव्हरटाइममध्ये ३७-३४ने जिंकलो. मी धावत शेजारी गेलो. आजोबा शिडीवर चढून छताच्या पन्हाळीतली पानं काढत होते. "जिंकलो!" म्हणालो. ते म्हणाले, "बरं झालं," आणि पुढची ओंजळ खाली टाकली. रविवारी सकाळी पेलिनीला काढलं. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, शॉन आयकॉर्स्ट पत्रकारांना जे म्हणाले त्याचा मथितार्थ असा, की आयोवाचा संघ मुळात कितपत चांगला आहे तेही बघावं लागलं.

त्या वाक्यावर मी तेव्हा चिडलो होतो, आजही चिडतो. पण खरी गोम वेगळीच होती. पेलिनीला आणलं होतं ऑसबर्नने, तेव्हा डायरेक्टरच्या खुर्चीवर तेच होते. ते निवृत्त झाले, २०१३पासून खुर्चीवर आयकॉर्स्ट. आपण न निवडलेल्या माणसासाठी कोण छातीचा कोट करतो? त्यामुळे मला कुणी विचारलं की आधी बघतो, याला नेमणारा अजून खुर्चीवर आहे का? मग करार मोडायला किती मोजावे लागतील, पुढच्या वर्षी संघात येणारी पोरं डिसेंबरात आपल्याकडे सही करणार आहेत की नाही, आणि शेवटी लोक चिडतायत की नुसते उठून जातायत.

२०१४मधला मी यावर लगेच उसळतो: "शहाण्या, नंतर काय झालं ते सांग!" सांगतो. माइक रायली तीन वर्षांत गेला, तोही आयोवाकडून ५६-१४ने हरल्याच्या दुसऱ्या दिवशी. मग स्कॉट फ्रॉस्ट, लिंकनमध्येच जन्मलेला, १९९७च्या आपल्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू. १६ विजय, ३१ पराभव. पेलिनी असता तर? उत्तर नाही माझ्याकडे. नऊ विजय ही काय चीज होती ते नंतर कळलं, हे २०१४मधल्या माझं म्हणणं मला खोडता येत नाही. तरी पेलिनी राहायला हवा होता असंही तोंडातून निघत नाही.

आणि माझे ठोकताळे तरी कुठे पक्के आहेत? २०२१ला ३-९ होऊनही फ्रॉस्ट पगार कापून घेऊन राहिला, का तर आपला पोरगा. पुढच्या सप्टेंबरात जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ने हरला आणि दुसऱ्याच दिवशी गेला. १ ऑक्टोबरपर्यंत तीन आठवडे कळ काढली असती तर दीड कोटी डॉलरची भरपाई निम्म्यावर आली असती. पैशाकडे बघून थांबतील असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो. नाही थांबले.

आता फ्रॉस्टनंतर आलेला कोच मॅट रूल. २०२५च्या ऑक्टोबरात त्याचा करार २०३२पर्यंत वाढवला. असा कोणता पराक्रम केला होता त्याने त्या महिन्यात? पेन स्टेट विद्यापीठाने स्वतःचा कोच काढला होता, आणि रूल तिथलाच माजी खेळाडू. हे तुमच्या जिंकले-हरलेच्या तक्त्यात कुठे बसवणार, ते तुम्हीच सांगा.

फोन करणारच असाल तर शनिवारी करू नका. मी आजोबांबरोबर स्टेडियममध्ये असतो, तिथे काही ऐकू येत नाही.