गॉटशेड रस्त्यावरच्या खुर्च्या

९ नोव्हेंबर, रात्री साडेदहा. लाइपझिग, जर्मनी.

हाताला पितळेच्या पॉलिशचा वास येतोय. दोनदा साबण लावला तरी जात नाही.

या शहरात आजच्या दिवशी लोक आपापल्या गल्लीतले 'श्टोलपरश्टाइन' घासायला बाहेर पडतात. नाझींनी नेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी, ठेच लागावी म्हणून बसवलेले दगड. फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वर पितळेचा पत्रा, त्यावर 'इथे राहत होते' आणि खाली नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिश या कलाकाराची ही कल्पना. आमच्या दारापुढे असे तीन आहेत. चार वर्षं मी किराण्याच्या पिशव्या सांभाळत त्यांच्यावरून ये-जा करतेय. आज पहिल्यांदा गुडघे टेकले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी चिंधी आणि पॉलिशची ट्यूब हातात दिली. मनात आलं, घरात चिंचेचा कोळ आहे, तो आणला तर दोन मिनिटांचं काम. आईकडे दिवाळीच्या आधी समया घासायचो तसं. काळपट थर निघाला आणि आकडे उजळले. तिसऱ्या दगडावर जन्म १९३४, नेलं १९४२. चिरंजीव शेजारीच उकिडवे बसले होते. ते या जूनमध्ये आठ वर्षांचे झाले. मी ट्यूबचं झाकण लावलं.

मग त्याला घेऊन गॉटशेड रस्त्यावर गेले. तिथे कोपऱ्यावर एकशेचाळीस खुर्च्या आहेत. ब्राँझच्या, एका मापाच्या, रांगेने मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या. लाइपझिगचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, होतं ती ही जागा. १८५५ मध्ये बांधलेलं, ओटो सिमोनसन या वास्तुकाराचं. इथल्या जत्रेला, म्हणजे 'मेसे'ला, पोलंड-गॅलिशियाकडून येणारे ज्यू व्यापारी, विशेषतः फरवाले, हळूहळू इथलेच झाले. १९२० च्या दशकात शहरात बारा हजारांवर ज्यू होते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी सिनेगॉग पेटवलं. मग पाडलं, आणि पाडायचा खर्च ज्यूंच्याच माथी मारला. पूर्व जर्मनीच्या काळात या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या करत. खुर्च्या आल्या २००१ मध्ये.

एक गोष्ट लिहून टाकते, कारण इथे नाही तर कुठे लिहिणार. या गावात आल्या आल्या, पहिल्याच महिन्यात, मी यातल्या एका खुर्चीवर बसून सँडविच खाल्लं होतं. मला ती कुठल्या तरी नाट्यगृहाची सजावट वाटली. आजूबाजूला कॅफेच कॅफे आहेत, ऊन होतं, पाय दुखत होते. कोणी काही बोललं नाही. नंतर फलक वाचला आणि उरलेलं सँडविच पर्समध्ये कोंबलं.

कोपऱ्यावर १९६६ चा एक जुना स्मारकदगडही आहे. 'फॅसिस्ट टोळ्यांनी' जाळपोळ करून सिनेगॉग नष्ट केलं, विसरू नका, असा त्यावरचा मजकूर. या 'टोळ्या' मला दर वेळी खटकतात. आपल्या पेपरात येतं ना, 'अज्ञात समाजकंटकांनी', अगदी तसं. टोळी म्हटलं की ती बाहेरून आली असणार आणि रात्रीतच पसार झाली असणार. पण त्या रात्री बंबवाले हजर होते. शेजारच्या इमारतींना झळ लागू नये एवढंच त्यांनी पाहिलं. इकडे काइल रस्त्यावरचं ब्रोडी सिनेगॉग मात्र वाचलं. कारण ते रहिवासी इमारतीत आहे आणि तिथे ज्यू नसलेले भाडेकरू राहत होते. म्हणजे पाण्याचा पाइप होता, माणसं होती. वर कोण राहतं ते बघून पाणी सोडायचं की नाही ते ठरलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या जळलेल्या इमारतीपेक्षा या पाइपानेच जास्त अस्वस्थ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यूंना पकडून प्राणिसंग्रहालयाजवळच्या पार्थे नदीच्या पात्रात उतरवलं. छोटीशी नदी, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती. डेव्हिड बफम या लाइपझिगमधल्या अमेरिकी वाणिज्यदूताने लिहून ठेवलंय की बघ्यांना त्यांच्यावर थुंकायला सांगत होते. आम्ही हत्ती बघायला त्याच बाजूने जातो.

अलिबाग आठवलंच. आमच्या घरापासून इस्रायल आळी चालत पाच मिनिटांवर. तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग अजून उभं आहे. आजी त्याला इस्रायलांची मशीदच म्हणायची, जुने लोक तसंच म्हणायचे. आमच्या कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्रायल; शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे, म्हणून ते शनवार तेली. दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी आडनावं. आजीच्या मैत्रिणीकडून मलिद्याचे पोहे यायचे, ओलं खोबरं आणि साखर घातलेले. मग एकेक घर इस्रायलला गेलं. तिकडून कोणी हिवाळ्यात आलं की आजीशी मराठीत तासन्‌तास बोलत बसे. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि अलिबागला ते दहा जमवताना पंचाईत होते. इथेही बर्लिनची भिंत पडली तेव्हा समाजात तिसेक माणसं उरली होती. आता हजारावर आहेत, बहुतेक पूर्वीच्या सोव्हिएत देशांतून आलेली. पण दोन्हीकडची रिकामी जागा एक नव्हे. आमच्याकडे ट्रंका बांधून, पत्ते देऊन, रडून निघाले. कुलूप लावलं आणि किल्ली शेजारी ठेवली.

आज खुर्च्यांच्या पायांशी पणत्यांसारखे दिवे होते, काही बसायच्या जागेवरही. पाऊस भुरभुरत होता, दोन-तीन विझलेले. एक म्हातारे गृहस्थ वाकून ते पुन्हा पेटवत होते, लायटर दर वेळी दगा देत होता. चिरंजीवांनी जॅकेटच्या बाहीने आडोसा केला. दोघांनी मिळून एक आख्खी रांग लावली. मग मुलाने विचारलं, "आई, इथे बसायचं असतं का?"

मी म्हटलं, "मी एकदा बसले होते."

"मग?"

"मग उठले."

तो बसला नाही. ट्राममध्ये झोपला.

सकाळी साडेसहाला डबा करायचाय. वास तसाच आहे, लिंबू चोळून बघते.