आमच्या फियाटच्या चेसिस नंबरातला एक

देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ यांच्यात फरक असा किती? त्या जेमतेम फरकापायी आमची १९६७ची फियाट पाच महिने आरटीओत अडकली. अजूनही विषय निघाला की माझा आवाज चढतो. कुणाच्या घरी अशी जुनी गाडी असेल तर त्यांच्या तरी खेपा वाचाव्यात, म्हणून लिहिते आहे.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. फियाट ११०० डिलाइट, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. दर ५ वर्षांनी तिचं पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करून घ्यायचो. एप्रिल २०२२मध्ये १५ वर्षांवरच्या कारसाठी त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. त्याच्या आधीच, जुलै २०२१मध्ये, केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले होते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी हवी, आणि चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको. फी २०,००० रुपये, पण नोंदणी १० वर्षांची, आणि पुढच्या वेळी ५,०००. अण्णांनी इंजिन कधी बदललं नव्हतं. आम्ही ठरवलं, व्हिंटेजच करायची.

तुम्ही ठरवण्याआधी एक गोष्ट नीट वाचा. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. अण्णांशी यावर आधी बोलले ते बरं झालं.

आता खरं दुखणं. गाडीचा नंबर एमएचच्या आधीच्या काळातला, तीन अक्षरी, आणि आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, कागदी. म्हणजे ती कंप्यूटरवर नाहीच. अशा गाडीची आधी बॅकलॉग एंट्री करावी लागते, म्हणजे जुनी नोंद कंप्यूटरवर चढवावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. मूळ आरसी बुक एका पावसाळ्यात भिजून गेलं होतं, त्यामुळे आमच्याकडे होती ती दुय्यम प्रत. ती त्या वेळच्या क्लार्कने सुंदर अक्षरात मराठीत लिहिलेली, आकडेही देवनागरी. एंट्री करणाऱ्याने चेसिस नंबरातल्या १चा नऊ केला. एंट्री झाली याच आनंदात मी घरी आले. तिथेच चुकलं. एंट्री झाली की त्याच जागी प्रिंट मागा आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून तपासा.

पुढे परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज, भरला, पैसे भरले, गाडी तपासणीला नेली. निरीक्षकांनी बॉनेट उघडलं, पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचला, कागद पाहिला आणि म्हणाले, “ताई, ही गाडी कागदावरची नाही.” अण्णा शेजारीच उभे होते. इतकी वर्षं एका हाताने सांभाळलेली गाडी, आणि तिच्याकडे चोरीचा माल असल्यासारखं बघितलं गेलं. ते काही बोलले नाहीत, पण परत येताना गाडी मलाच चालवायला दिली.

दुरुस्तीसाठी खिडकीवर गेले, तर सांगितलं मूळ रजिस्टरची नोंद आणा. रेकॉर्डवाले म्हणाले पान क्रमांक सांगा. पान क्रमांक मूळ आरसीवर होता, आणि ती तर भिजून गेलेली. मग साहेब रजेवर. मग माझा अर्जच सापडेना. सुदैवाने पोच घेतलेली होती. प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्का मारून घ्या, कितीही घाई असली तरी. सहाव्या खेपेला मी खिडकी सोडून थेट अधिकाऱ्यांची वेळ मागितली. हे पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं.

भेटीच्या आदल्या रात्री चेसिसचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे ठोकलेल्या नंबराचा कागदावर ठसा, काढला. जुन्या गाडीवर ग्रीस आणि रंगाचे थर असतात, नुसता कागद ठेवून काही उमटत नाही. रॉकेलच्या फडक्याने जागा पुसून घेतली, सुकू दिली, पातळ कागद चारही बाजूंनी चिकटवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली. दाबून घासलं की सगळं काळं होतं. तिसऱ्या कागदावर नंबर स्वच्छ उठला, त्यातला १सुद्धा स्पष्ट.

पण काम झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. आरसी पुन्हा पुन्हा बघताना माझं लक्ष नोंदणीच्या वर्षाकडे गेलं. साहेबांसमोर पान ठेवलं आणि विचारलं, “याच पानावर, याच हाताने १९६७ लिहिलंय. इथे पहिला आकडा एक आणि दुसरा नऊ असं तुम्हीच वाचलंत. मग चेसिस नंबरात हाच एक नऊ कसा झाला?” त्यांनी दोन्ही आकड्यांवर भिंग धरलं. पाच मिनिटांत दुरुस्तीच्या अर्जावर सही झाली. त्या सहीचा मला आजही अभिमान वाटतो.

त्यानंतरचं सगळं सरळ झालं. फॉर्म २३ए मधलं प्रमाणपत्र आलं आणि गाडीचा जुना नंबरही राहिला. आधी नोंदणी असलेल्या गाडीला तो ठेवता येतो, ‘व्हीए’ असलेला नवा क्रमांक नव्याने नोंद होणाऱ्या गाड्यांना मिळतो. प्रमाणपत्रावरचा चेसिस नंबर मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तो कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. अर्जासोबत चालू इन्शुरन्स लागतो, तो आधीच काढून ठेवा. आणि रोड टॅक्स हा राज्याचा विषय आहे, व्हिंटेज नोंदणी झाली म्हणजे तो आपोआप माफ झाला असं धरून चालू नका, आपल्या आरटीओत लेखी विचारा.