पोटात दुखतंय, पण पोट दुखत नाहीये

"मावशी, पोटात दुखतंय, पण पोट दुखत नाहीये," असे आज सकाळी दहावीच्या पूर्वपरीक्षेला निघालेली माझी भाची दारात बूट घालता घालता म्हणाली, आणि तिच्या आजीने तत्काळ ओवा पुढे केला.

तिने ओवा घेतला नाही. कंपासपेटी मात्र तिसऱ्यांदा उघडून पेने मोजली. चारच होती, आधीच्या दोन्ही वेळांसारखी.

तिचे वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही, कारण ते अगदी अचूक होते. धोका जाणवला की मेंदूच्या इशाऱ्यावर शरीरात ॲड्रेनलिन पसरते, छाती धडधडते, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते आणि पोटात खरोखरच पिळवटते. समोर वाघ आहे की बीजगणिताची प्रश्नपत्रिका, हा भेद शरीर करत बसत नाही. त्यातच भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का व्हायला वयाची साधारण २५ वर्षे लागतात, त्यामुळे "एवढं काय घाबरायचं?" हा आपला प्रश्न अजून घडत असलेल्या अवयवाला विचारलेला असतो.

परीक्षेची धाकधूक सगळ्यांनाच असते, हे मान्य. पण ती आठवडेच्या आठवडे टिकली, झोप उडाली किंवा शाळाच टाळावीशी वाटू लागली, तर ओव्यावर भागत नाही. अशा वेळी डॉक्टरांशी बोलावे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांकही २०२२ पासून आहे.

संध्याकाळी ती आली, पेपर बरा गेला म्हणाली आणि दोन भाकऱ्या जेवली.

सकाळी मी मात्र "काही होत नाही, जा" एवढेच म्हणाले होते. तुम्ही काय म्हणाला असता?