पहिलीचा वर्ग, न-म-क-र आणि एक काना

पहिली माझ्याकडे आली तेव्हा निम्मी मुलं 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' घडाघडा म्हणायची. मधलंच एखादं अक्षर दाखवलं की मात्र मनातल्या मनात 'क'पासून सुरू करून तिथवर यायची. तक्ता पाठ होता, वाचन नव्हतं.

म्हणून अक्षरगटाने, म्हणजे थोडी थोडी अक्षरं घेऊन त्यांचेच शब्द बनवत, शिकवायचं ठरवलं. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनावर वर्षानुवर्षं केलेलं काम शिक्षकांच्या बोलण्यात ऐकलं होतंच. सुरुवातीला फळ्यावर अक्षर काढलंच नाही. नुसते आवाजाचे खेळ: 'पाटी'ला टाळ्या किती, 'मामा' आणि 'मासा' सुरुवातीला सारखे वाजतात का. वह्या कोऱ्या पाहून पालक धास्तावले. "बाई, लिवायला कधी देनार?" हा प्रश्न फाटकाशी रोजचा.

पहिला गट न, म, क, र आणि काना. एवढ्यावर नाक, कान, मान, काम, रान, कमान झाले. मुळाक्षरं संपेपर्यंत काना थांबवून ठेवायची पद्धत मला कधीच पटली नाही. काना नसेल तर पोरांनी वाचायचं काय, 'कर' आणि 'मन'?

खरा घाम काढला तो जुळवणीने. मूल क, म, र सुटं सुटं बरोबर म्हणतं आणि 'कमर' काही ऐकू येत नाही, कारण बोलताना शेवटच्या 'र'मधला अ आपण गिळतो. त्यावर उपाय एकच, अक्षरांखालून बोट न थांबवता सरकवायचं आणि हळूहळू वेग वाढवायचा. ऱ्हस्व वेलांटीने पुन्हा अडवलं. 'कि'मध्ये ती दिसते आधी, उच्चारायची नंतर. 'चाक' आणि 'चार'मधल्या च-ला दोन आवाज का, हे एका मुलीनेच विचारलं. तिला दोन्ही शब्द म्हणायला लावले, नियम सांगत बसले नाही.

रोज एक गोष्ट मी वाचून दाखवायचेच. नुसती अक्षरं जुळवून पोरं कंटाळतात, आणि मीही.

वर्षअखेरीला 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या धर्तीवर अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी एकेकाला बसवून ऐकलं. बरीचशी परिच्छेदापर्यंत पोचली, काही शब्दांवरच आहेत. एक मुलगा ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेला होता. त्याचा दुसरा गट आत्ता चाललाय. बाकीच्यांपुढे जोडाक्षरं उभी आहेत, त्यात प्र, ट्र, र्क, ऱ्य असे 'र'चेच चार अवतार. रफार मी सगळ्यांत शेवटी घेणार.